लिंकनच्या दारातला पहारा : वॉर्ड हिल लॅमनच्या मागावर

सोमवार, डॅनव्हिल

अब्राहम लिंकनच्या चरित्रांत वॉर्ड हिल लॅमन हे नाव मधूनच डोकावते आणि पुन्हा नाहीसे होते. तो लिंकनचा वकिलीतला भागीदार होता, बॅंजो वाजवून गाणी म्हणणारा दोस्त होता, राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात राजधानीचा मार्शल, म्हणजे न्यायालयाचे हुकूम बजावणारा अधिकारी, होता आणि कोणी न सांगता स्वतःच पत्करलेला अंगरक्षकही होता. लिंकननंतर त्याच्या नावावर दोन पुस्तके निघाली. पहिल्याने लिंकनचे कुटुंब कायमचे दुखावले आणि दुसऱ्यातली एक कथा आज जगभर खरी म्हणून सांगितली जाते. जिल्हा न्यायालयात उभा जन्म काढलेल्या माझ्यासारख्या वकिलाला अशा माणसाविषयी पहिला प्रश्न पडतो तो हा, की साक्षीदार म्हणून हा कितपत टिकेल? भाच्याकडे शिकागोला मुक्काम होताच. त्याने रजा काढली आणि आम्ही निघालो.

शिकागोच्या दक्षिणेला सव्वादोनशे किलोमीटरवर, इंडियाना राज्याच्या हद्दीला टेकून डॅनव्हिल वसले आहे. ऑक्टोबर असल्यामुळे रस्त्याच्या दुतर्फा मक्याची काढणी चालली होती आणि जमीन इतकी सपाट, की पुढच्या गावची पाण्याची टाकी गाव येण्याच्या बऱ्याच आधीपासून दिसत राहते. याच सपाटीवरून न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस, लिंकन आणि त्यांच्यामागे वकिलांचा ताफा वर्षातून दोनदा घोड्यावरून किंवा बग्गीतून गावोगाव हिंडत असे. न्यायालयच पक्षकारांच्या दारी जात असे, आणि एकाच खाणावळीत, प्रसंगी एकाच खाटेवर, सकाळी एकमेकांवर तुटून पडलेले वकील रात्री झोपत असत. इलिनॉयच्या या आठव्या सर्किटमध्ये डॅनव्हिल अगदी पूर्वेच्या टोकाला होते.

लॅमन १८४७ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, व्हर्जिनियातून येथे आला. केंटकीतल्या लुईव्हिलला कायदा शिकून त्याने १८५१ मध्ये सनद मिळवली आणि पुढच्याच वर्षी ‘लिंकन आणि लॅमन’ या भागीदारीची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात छापून आली. लिंकनचे कायमचे कार्यालय स्प्रिंगफिल्डला होते व तेथला भागीदार विल्यम हर्न्डन होता. डॅनव्हिलच्या भागीदारीत लॅमनने वर्षभर कामे गोळा करायची आणि सर्किट आले की लिंकनने ती लढवायची, असा व्यवहार होता. त्यांची कचेरी ज्या इमारतीत होती ती आता नाही. तिच्या खाली गुत्ता होता, ही गोष्ट मात्र गाव अजून चवीने सांगते.

पाहण्यासारखे आहे ते डॉक्टर विल्यम फिथियन याचे १८५५ सालचे विटांचे घर. सप्टेंबर १८५८ मध्ये लिंकन येथे उतरला असताना बाहेर लोक जमले. त्याने बूट काढून ठेवले होते, तेव्हा तो नुसत्या मोज्यांवरच सज्जात येऊन बोलला. तो सज्जा दाखवतात. गावातल्या लिंकन पार्कमध्ये ‘लॅमन हाऊस’ नावाचे एक लहानसे पांढरे घरही आहे, पण ते आपल्या लॅमनचे नव्हे, त्याच्या चुलतभावाचे.

भागीदारीतला एक प्रसंग लॅमनने स्वतःच लिहून ठेवला आहे. मानसिकदृष्ट्या असहाय असलेल्या एका मुलीची सुमारे दहा हजार डॉलरची मालमत्ता एक लुच्चा माणूस लग्नाच्या मिषाने लाटू पाहत होता. तिच्या भावाने खटला लॅमनकडे दिला, फी अडीचशे डॉलर ठरली, आणि लिंकनने तो वीसेक मिनिटांत जिंकला. भाऊ खुशीने पैसे देऊन गेला. फीचा आकडा ऐकताच लिंकन तापला, ही रक्कम एका दुबळ्या मुलीच्या पदरातून येते आहे असे म्हणाला आणि निम्मे पैसे परत करायला लावूनच त्याने आपला वाटा घेतला. हे कानावर गेल्यावर न्यायाधीश डेव्हिस लिंकनवरच उखडला, की अशा चिल्लर फीने तू अख्ख्या बारला भिकेला लावशील. मग संध्याकाळी वकिलांनी लुटुपुटीचे न्यायालय भरवून लिंकनला दंड ठोठावला आणि त्याने तो हसत भरला.

या कथेला लॅमनशिवाय दुसरा आधार नाही. तरीही मी ती मान्य करतो, कारण तीत जो माणूस लहान दिसतो तो सांगणारा स्वतः आहे. आणि स्वतःच्या हिताविरुद्धचे कथन सहसा खोटे नसते, हे आमच्या पुराव्याच्या कायद्यालाही मान्य आहे.

मंगळवार, ब्लूमिंग्टन आणि स्प्रिंगफिल्ड

ब्लूमिंग्टनला आम्ही चहापुरतेच थांबलो. लॅमन सरकारी वकील झाल्यावर १८५८ मध्ये येथे राहायला आला. सहा फुटांहून उंच, अडीच मणांहून जास्त वजनाचा हा गडी न्यायालयाबाहेर कुस्ती खेळत असे. एकदा त्या नादात त्याची विजार मागून फाटली आणि तशातच त्याला न्यायालयापुढे उभे राहावे लागले. वकिलांनी नव्या विजारीसाठी वर्गणीचा कागद फिरवला. इतरांनी आकडे घातले. लिंकनने लिहिले, की डोळ्यांसमोर असलेल्या या टोकासाठी मला काहीच देता येत नाही. इंग्रजीतला चावटपणा मराठीत निम्माच उतरतो, पण दोघांमधली सलगी कळायला तेवढा पुरे.

ही सलगी राजकारणातही कामी आली. मे १८६० मध्ये शिकागोला रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले तेव्हा प्रतिस्पर्धी विल्यम स्यूअर्डचे समर्थक बाहेर वाजतगाजत मिरवणूक काढत असताना लॅमन आणि मंडळींनी जादा प्रवेशपत्रिका छापून सभागृह लिंकनच्या माणसांनी भरून टाकले. हे वाचून भाचा म्हणाला, “मामा, हे तर आपल्याकडच्यासारखेच झाले.” मी त्याला दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.

स्प्रिंगफिल्डमध्ये लिंकनचे घर, जुने विधानभवन, समाधी आणि ११ फेब्रुवारी १८६१ रोजी त्याने गाव सोडले ते रेल्वेस्थानक, असे सगळे पायी किंवा गाडीने थोड्या वेळात पाहून होते. माझा वेळ गेला तो विधानभवनासमोरच्या विटांच्या इमारतीत, जेथे लिंकन आणि हर्न्डन यांची कचेरी होती. लॅमनच्या पहिल्या पुस्तकाचा उगम येथे आहे.

लिंकनच्या हत्येनंतर हर्न्डनने त्याला ओळखणाऱ्या असंख्य माणसांना गाठून, पत्रे पाठवून, जबान्या गोळा केल्या. पुस्तक मात्र त्याच्या हातून होईना आणि पैशांची चणचण होती. १८६९ मध्ये त्याने या कागदांच्या नकला लॅमनला चार हजार डॉलरला विकल्या. निम्मे रोख आणि निम्मे पुस्तकाच्या उत्पन्नातून. लॅमन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये जेरिमाया ब्लॅक या माजी मंत्र्याबरोबर वकिली करत होता. लिंकनच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन, त्याच्या मंत्रिमंडळातला हा ब्लॅक, म्हणजे विरोधी पक्षाचा. पुस्तक प्रत्यक्ष लिहिले ते त्याच्या मुलाने, चॉन्सी ब्लॅकने, ज्याला लिंकनविषयी ना ममत्व होते ना ओळख. ‘द लाइफ ऑफ अब्राहम लिंकन’ १८७२ मध्ये बॉस्टनहून निघाले ते लॅमनच्या नावाने, आणि ते संपते राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथविधीपाशी. म्हणजे लॅमन ज्या चार वर्षांचा डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार होता ती वर्षे त्यात नाहीतच, आणि जे बालपण व तारुण्य त्याने पाहिले नव्हते त्यावर सारा भर.

त्यात लिंकन रूढ अर्थाने ख्रिस्ती श्रद्धावान नव्हता असे ठासून मांडले होते, त्याच्या आईवडिलांच्या विवाहाविषयी शंका काढली होती, तरुणपणीचे अ‍ॅन रटलेजवरचे प्रेम आणि पत्नी मेरी टॉडबरोबरचा बेबनाव रंगवला होता. हुतात्म्याच्या मृत्यूला सातच वर्षे झालेल्या देशाला हे झेपले नाही. मुलगा रॉबर्ट लिंकन लॅमनवर कायमचा रागावला. डेव्हिसच्या आग्रहाने शेवटच्या भागावर कात्री चालली, त्यामुळे चॉन्सी ब्लॅक संतापला. पुस्तक खपले नाही आणि ठरलेला दुसरा खंड कधीच आला नाही. गंमत अशी, की आज अभ्यासक याच पुस्तकाकडे थोड्या आदराने पाहतात, कारण देव करून ठेवलेल्या लिंकनला पहिल्यांदा हाडामांसाचा दाखवणाऱ्यांत ते मोडते. विवाहाची शंका तेवढी फोल ठरली. केंटकीतल्या दप्तरात नोंद सापडली.

आपल्याकडे कित्येक शाळांच्या भिंतींवर लिंकनने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून एक पत्र लावलेले असते. ते लिंकनच्या कागदपत्रांत कोठेही नाही. भक्तांनी लिंकनच्या तोंडी घातलेल्या वाक्यांची रास मोठी आहे, आणि लॅमननेही तीत भर टाकली आहे. त्याचा हिशेब पुढे येईल.

बुधवार, फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टन

सकाळच्या विमानाने फिलाडेल्फियाला उतरून आम्ही तेथून रेल्वे धरली. वॉशिंग्टन दोन तासांच्या आतबाहेर आहे, पण आम्हाला बॉल्टिमोरला उतरायचे होते.

फेब्रुवारी १८६१ मध्ये निर्वाचित राष्ट्राध्यक्ष रेल्वेने गावोगाव सत्कार घेत राजधानीकडे चालला होता. बॉल्टिमोरमध्ये गाडी बदलताना त्याला गर्दीत ठार करण्याचा कट असल्याची बातमी अ‍ॅलन पिंकर्टन या खासगी गुप्तहेराने फिलाडेल्फियात आणली आणि स्यूअर्डच्या मुलाने स्वतंत्रपणे तीच आणली. २२ तारखेला संध्याकाळी हॅरिसबर्गच्या मेजवानीतून लिंकनला गुपचूप उठवून बग्गीत बसवले. लष्करातला कर्नल सम्नर मी बरोबर येणारच म्हणून हटून बसला होता. कोणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला क्षणभर बोलण्यात गुंतवले आणि तेवढ्यात बग्गी सुटली. बरोबर एकटा लॅमन होता. अंगावर पिस्तुलांची जोडी, शिवाय लहान पिस्तुले आणि सुरे.

फिलाडेल्फियाला रात्री अकराच्या सुमारास पिंकर्टनची सहकारी केट वॉर्न हिने आजारी भावासाठी म्हणून झोपण्याच्या डब्यात जागा राखून ठेवली होती. बॉल्टिमोर आले पहाटे साडेतीनला. त्या काळी शहराच्या रस्त्यांतून इंजिन नेऊ देत नसत, म्हणून डबे सोडवून घोड्यांनी प्रेसिडेंट स्ट्रीट स्थानकापासून कॅम्डन स्थानकापर्यंत ओढत नेत. आम्ही तेच अंतर चाललो. प्रेसिडेंट स्ट्रीटच्या जुन्या स्थानकाची फक्त दर्शनी कमानदार इमारत उरली आहे, आणि कॅम्डन स्थानकाला लागून आता बेसबॉलचे अवाढव्य मैदान आहे. अंतर दोन किलोमीटरच्या आत, दिवसाढवळ्या, रहदारीत अगदी किरकोळ वाटते. अंधारात, घोड्यांच्या चालीने, झोपेचे सोंग घेतलेल्या माणसाशेजारी पिस्तुलावर हात ठेवून बसलेल्याला ते किरकोळ वाटले नसणार.

सकाळी सहाच्या सुमारास ते वॉशिंग्टनला पोचले. ‘प्लम्स’ आणि ‘नट्स’ सुखरूप पोचल्याची तार पिंकर्टनने केली. प्लम्स म्हणजे तो स्वतः आणि नट्स म्हणजे लिंकन. सांकेतिक भाषेतही त्याने आपले नाव आधी घातले. लॅमनला मात्र ही बातमी ताबडतोब शिकागोच्या वर्तमानपत्राला तारेने कळवायची होती. पिंकर्टनने ती तार करू दिली नाही आणि आपल्या अहवालात लॅमनला बिनडोक, अहंमन्य मूर्ख असे लिहून ठेवले.

आता पुढचे पाहा. हे अहवाल हर्न्डनने मिळवलेल्या कागदांत होते, आणि ते लॅमनने विकत घेतले. म्हणजे आपल्याविषयीची ही शिवी त्याने स्वतःच्या पैशाने विकत घेऊन वाचली. १८७२ च्या चरित्रात असा काही कट नव्हताच, सगळे पिंकर्टनने रचले, अशी मांडणी येते. आणि उतारवयातल्या आठवणींत हाच लॅमन लिंकनच्या जिवाला पहिल्या दिवसापासून घोर धोका असल्याचे सांगतो. उलटतपासणीत एवढ्यावर साक्षीदाराला घाम फुटला असता.

गुरुवार, वॉशिंग्टन

नाश्त्यालाच भाच्याने विचारले, “मामा, हा एवढा पहारा देणारा होता, तर नेमका त्या रात्री कुठे होता?”

उत्तर सोपे आहे आणि चमत्कारिकही. १४ एप्रिल १८६५ रोजी, फोर्ड नाट्यगृहात लिंकनवर गोळी झाडली गेली त्या रात्री, लॅमन रिचमंडला होता, कारण लिंकननेच त्याला कामगिरीवर पाठवले होते. ११ एप्रिल तारखेचा, लॅमन व त्याच्या एका मित्राला नेहमीच्या सामानासह रिचमंडला जाऊन परत येऊ द्यावे असा लिंकनचा परवाना आहे. निघताना मंत्री अशर याच्यासमोर आपण लिंकनकडून रात्री बाहेर न पडण्याचे, विशेषतः नाटकाला न जाण्याचे वचन मागितले आणि लिंकनने जमेल तेवढे करीन म्हणून वेळ मारून नेली, असे लॅमन सांगतो.

फोर्ड नाट्यगृह आम्ही पाहिले. वरच्या मजल्यावरची, लिंकन बसला होता ती खास बैठक झेंडे लावून सजवलेली आहे, आत जाऊ देत नाहीत. तळघरातल्या संग्रहालयात मारेकरी बूथचे पिस्तूल काचेमागे ठेवले आहे, आणि ते मुठीत लपेल एवढे आखूड आहे. त्या रात्री पहाऱ्यावर नेमलेला जॉन पार्कर हा पोलीस आपली जागा सोडून गेला होता. अडीच मणांचा लॅमन त्या अरुंद दारात बसलेला असता तर, हा विचार तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात येतो आणि लॅमनच्या मनात तर तो अठ्ठावीस वर्षे असणार. त्याच्या नंतरच्या लेखनातली अतिशयोक्ती मोजताना हे मी विसरत नाही.

पण पहारा खरा होता, याला लॅमनच्या शब्दाची गरज नाही. ८ नोव्हेंबर १८६४ रोजी लिंकन दुसऱ्यांदा निवडून आला, त्या रात्रीची हकीकत त्याचा तरुण चिटणीस जॉन हे याने रोजनिशीत लिहिली आहे. लॅमन रात्री उशिरा आला, एक पेला व्हिस्की घेतली, देऊ केलेली खाट नाकारली आणि अंगरखा गुंडाळून राष्ट्राध्यक्षाच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर आडवा झाला. भोवती पिस्तुले आणि सुरे मांडलेले. सकाळी कोणी उठायच्या आत, पांघरुणे हेच्या दाराशी ठेवून तो निघून गेला होता. ही नोंद घटना ताजी असताना केलेली आहे, तिऱ्हाइताने केलेली आहे, आणि तिच्यात लॅमन एक शब्दही बोलत नाही. यापेक्षा चांगला पुरावा कोणता मागावा?

त्यानंतर महिन्याभराने, १० डिसेंबरला, रात्री दीड वाजता लॅमनने लिंकनला पत्र लिहिले. माझ्या मते त्याने लिहिलेले सर्वांत उत्तम लेखन हेच. तो रागाने लिहितो, की तुमच्या सुरक्षेविषयी मी वारंवार सांगतो ते तुम्ही मनावर घेत नाही. आज रात्रीही तुम्ही विनापहारा नाटकाला गेलात. विनापहारा म्हणजे सिनेटर चार्ल्स सम्नर आणि एक परदेशी राजदूत बरोबर होते, पण “या शहरातल्या कोणत्याही धडधाकट बाईने हल्ला केला, तरी त्या दोघांपैकी एकालाही स्वतःचा बचाव करता येणार नाही.” तुमचा जीव घेण्यासाठी लोक टपले आहेत, आणि सावध राहिला नाहीत तर तो घेतला जाईल, असेही त्यात स्पष्ट आहे. हे हत्येच्या चार महिने आधीचे आहे. येथे ना सजावट आहे, ना मागाहून सुचलेले शहाणपण, आणि मोठ्या सिनेटरची अशी टर उडवण्याचे धाडस फक्त जुन्या दोस्तालाच होते.

आता तो स्वप्नाचा किस्सा. लॅमनच्या आठवणींत लिंकन मृत्यूच्या काही दिवस आधी घरच्या मंडळींना सांगतो, की दहाएक दिवसांपूर्वी युद्धभूमीवरच्या खलित्यांची वाट पाहून मी उशिरा झोपलो, स्वप्नात रडण्याचा आवाज आला, खालच्या पूर्व दालनात गेलो तर तिरडीवर प्रेत आणि भोवती सैनिक. कोण वारले, असे विचारल्यावर उत्तर आले: राष्ट्राध्यक्ष, मारेकऱ्याच्या हातून. कथा जबरदस्त आहे. परंतु लिंकन २४ मार्चपासून ९ एप्रिलपर्यंत वॉशिंग्टनमध्ये नव्हताच. तो सिटी पॉइंटला, प्रत्यक्ष आघाडीवर, सेनापती ग्रँटच्या तळावर होता. मग तो व्हाइट हाऊसमध्ये कोणत्या आघाडीच्या खलित्यांची वाट पाहत होता? त्या वेळच्या कोणाच्याही पत्रात वा रोजनिशीत हे स्वप्न नाही. ते छापून आले हत्येनंतर पंधराहून अधिक वर्षांनी. मंत्री गिडियन वेल्स याने १४ एप्रिलच्या बैठकीत लिंकनने सांगितलेले एक स्वप्न नोंदवले आहे, पण त्यात कोणी मरत नाही. एक नौका अंधुक किनाऱ्याकडे वेगाने चाललेली असते.

दुपारी शहराच्या उत्तरेला टेकडीवरचे लिंकनचे उन्हाळी घर पाहिले. येथे घोड्यावरून एकटाच येताना कोणीतरी गोळी झाडली आणि त्याची उंच हॅट उडाली, ही हकीकत लॅमन १८६२ ची सांगतो, तर पहाऱ्यावरच्या एका सैनिकाच्या आठवणीत तीच १८६४ ची आहे. घटना घडली असावी, तारीख भरवशाची नाही.

एक गोष्ट या शहरात राहून टाळता येत नाही. मार्शल म्हणून येथला तुरुंग लॅमनच्या ताब्यात होता आणि त्यात पळून आलेले गुलाम डांबले जात. व्हर्जिनियात वाढलेला लॅमन गुलामगिरीच्या विरोधकांना उपद्रवी समजत असे आणि कायदा आहे तोवर अंमल करायचा, असे म्हणत त्या माणसांना कोठडीत ठेवत असे. सिनेटर ग्राइम्सला त्याने तुरुंगाच्या पाहणीस मज्जाव केला, तेव्हा सिनेटमध्ये त्याच्याविरुद्ध वादळ उठले. लिंकनने त्याला काढले नाही. एप्रिल १८६२ मध्ये राजधानीतली गुलामगिरी कायद्यानेच संपली. महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ मध्ये अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, त्यांत लॅमन बसत नाही. लिंकनवर जीव टाकणारा हा माणूस लिंकनच्या सर्वांत मोठ्या कार्याच्या आड येणाऱ्यांत होता, आणि त्याची निष्ठा व्यक्तीवर होती, विचारावर नव्हे, एवढे म्हणून मी थांबतो.

शुक्रवार, गेटिसबर्ग

यादवी युद्धात येथे पडलेल्या सैनिकांच्या स्मशानभूमीच्या अर्पणाचा समारंभ १९ नोव्हेंबर १८६३ रोजी झाला, त्याचा मुख्य मार्शल लॅमन होता. मिरवणुकीची आखणी त्याची, आणि व्यासपीठावर “संयुक्त संस्थानांचे राष्ट्राध्यक्ष” एवढाच पुकारा करून लिंकनला पुढे आणणाराही तोच. लिंकन आदल्या रात्री चौकातल्या डेव्हिड विल्सच्या घरी राहिला होता. तेथून आम्ही मिरवणुकीच्या वाटेने स्मशानभूमीपर्यंत चालत गेलो. अर्धवर्तुळात बसवलेल्या, जमिनीबरोबर असलेल्या दगडांच्या ओळी आहेत. काहींवर नाव, पुष्कळांवर नुसता क्रमांक.

लॅमन लिहितो, की भाषण संपवून बसताच लिंकन आपल्याला म्हणाला, हे भाषण साफ पडले. आणि एडवर्ड एव्हरेट व स्यूअर्ड यांनीही व्यासपीठावरच नाराजी बोलून दाखवली. एव्हरेट म्हणजे त्या दिवशीचा मुख्य वक्ता, जो आधी दोन तास बोलला होता. त्याच एव्हरेटने दुसऱ्या दिवशी लिंकनला पत्र लिहिले, की तुम्ही दोन मिनिटांत प्रसंगाच्या गाभ्याच्या जेवढे जवळ गेलात, तेवढा मी दोन तासांत गेलो असतो तर धन्य झालो असतो. एव्हरेटचे पत्र हाती असताना लॅमनची जबानी दप्तरी दाखल होऊ शकत नाही. मला वाटते, आपल्याच कानात लिंकन काही खासगी बोलला होता, हे सांगण्याचा मोह त्याला आवरला नाही.

शनिवार, अँटीटम आणि जेरार्ड्सटाउन

सकाळी मेरिलँडमधल्या शार्प्सबर्गला आलो. १७ सप्टेंबर १८६२ रोजी येथे अँटीटमच्या लढाईत अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत रक्तरंजित एक दिवस झाला. दोनेक आठवड्यांनी लिंकन सैन्याच्या पाहणीला आला तेव्हा लॅमन बरोबर होता. रुग्णवाहिनीच्या गाडीतून जाताना उदास लिंकनने आपले आवडते दुःखी गाणे म्हणायला सांगितले, आणि ते झाल्यावर मन हलके व्हावे म्हणून लॅमनने दोन-तीन थिल्लर गाणीही म्हटली. १८६४ च्या निवडणुकीत विरोधी वर्तमानपत्रांनी त्यातून राष्ट्राध्यक्ष प्रेतांच्या राशींत गाणी म्हणवून घेत होता, अशी आवई उठवली.

लॅमनने तिखट खुलासा लिहिला. तो लिंकनला फार भांडखोर वाटला, म्हणून लिंकनने स्वतःच, लॅमनच्या नावाने, दुसरा मसुदा करून दिला. त्यातले एक वाक्य येथे उभे राहून वाचण्यासारखे आहे: गाणी झाली ती जागा रणभूमीपासून मैलोगणती दूर होती, आम्ही एकही प्रेत पाहिले नाही, आणि खणल्यानंतर पाऊस पडून गेला नव्हता अशी एक कबरही पाहिली नाही. लिंकनने मसुदा लिहिला खरा, पण छापू दिला नाही. ज्या माणसाच्या नावाने ब्लॅकने चरित्र लिहिले, त्याच्याच नावाने त्याआधी खुद्द लिंकनने एक निवेदन लिहून ठेवले होते!

पोटोमॅक ओलांडली की पश्चिम व्हर्जिनिया. लॅमन ६ जानेवारी १८२८ रोजी याच टापूत, जेफर्सन परगण्यात जन्मला, तेव्हा हा व्हर्जिनियाचा भाग होता. २० जून १८६३ रोजी युद्धाच्या धामधुमीतच वेगळे राज्य झाले. गुलामगिरीविरुद्ध बंड करणाऱ्या जॉन ब्राउनला १८५९ मध्ये फाशी दिली ते चार्ल्स टाउनही त्याच परगण्यात. मार्टिन्सबर्गमध्ये लॅमन ७ मे १८९३ रोजी वारला. मधली वर्षे धावपळीचीच गेली: वकिली, डेन्व्हरमधले वास्तव्य, मग युरोप. दुसरी पत्नी सॅली ब्रुसेल्सला वारली. तिचे वडील स्टीफन लोगन हेही एके काळी लिंकनचे भागीदार होते.

जेरार्ड्सटाउन हे नॉर्थ माउंटनच्या पायथ्याचे, सफरचंदांच्या बागांमधले खेडे आहे. प्रेस्बिटेरियन चर्चच्या कबरस्तानात लॅमनची कबर शोधायला वेळ लागला नाही. भाच्याने फोटो काढला आणि विचारले, “दुसरे पुस्तक तरी त्याने स्वतः लिहिले का?”

तेही पुरते नाही. आठवणींचे कागद, कात्रणे आणि पत्रे तो मागे ठेवून गेला. ती जुळवून मुलगी डॉरोथी हिने १८९५ मध्ये शिकागोहून ‘रिकलेक्शन्स ऑफ अब्राहम लिंकन’ प्रसिद्ध केले आणि १९११ मध्ये वाढवून पुन्हा काढले. मूळ कागदांचा मोठा भाग, हर्न्डनच्या नकलांसह, आज कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयात आहे. डॉरोथीचे पुस्तक हक्कमुक्त असल्यामुळे इंटरनेटवर फुकट वाचता येते. ज्यांना वाचायचे असेल त्यांनी त्यातली पत्रे आधी वाचावीत, डिसेंबर १८६४ चे तर पहिले, आणि आठवणी नंतर. १८७२ चे चरित्र हाती आलेच, तर वरचे नाव बाजूला ठेवून ते हर्न्डनने जमवलेल्या जबान्यांचे बाड म्हणून चाळावे.